न उघडलेला रिपोर्ट

आमच्याकडे शनिवारची सकाळ आणि साताऱ्यात शनिवारची संध्याकाळ, अशी आईच्या व्हिडिओ कॉलची वेळ ठरलेली आहे. मी चहा घेऊन बसतो, तिकडे तिची दिवाबत्ती झालेली असते. गेल्या डिसेंबरात एका कॉलमध्ये तिने विचारलं, "सईला सुट्टी कधी लागते रे?" मी तारीख सांगितली. भाजीच्या भावाचं, शेजारच्या बांधकामाचं बोलून झालं आणि पाच-सात मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा सांगितलं. दोन आठवड्यांनी परत तसंच. त्या दिवशी कॉल संपल्यावर मी फोनमध्ये तारीख आणि प्रश्न लिहून ठेवला. लॉग ठेवायची ही आमच्या धंद्यातली खोड. फेब्रुवारीपर्यंत त्या यादीत सहा नोंदी झाल्या होत्या.

घाबरण्याचं कारण आजी. आईची आई. चौथी शिकलेली, पण कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला आणि कुणाकडून कशाचे किती येणं आहे, हे सगळं तिला तोंडपाठ. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिने आमटीत दोनदा मीठ घातलं आणि सगळे हसले. पुढच्या वर्षी ती आजोबांना जेवायला हाक मारायला लागली. आजोबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मग कुणी हसेना. गंमत अशी, की संध्याकाळी देवापुढे बसवलं की हीच आजी सगळी रामरक्षा एकही अक्षर न चुकता म्हणायची. त्यामुळे "तिला सगळं कळतं, मुद्दाम करते" असं म्हणणारेही घरात होतेच. आता वाचल्यावर कळतं, की नवी आठवण नोंदवायचं काम मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग करतो आणि या आजाराचा घाव तिथे फार लवकर बसतो. लहानपणापासून हजारो वेळा घोकलेलं मात्र मेंदूत इतकं दूरवर पसरून मुरलेलं असतं, की ते बरंच उशिरा हलतं. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं, की म्हातारचळ लागलाय. डॉक्टरकडे नेण्यासारखं ते काही आहे, असं कुणाला वाटलंच नाही.

तर मनात हे असताना डीएनए किटचा निकाल आला. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये बायकोने आणि मी दोन किट गंमत म्हणून मागवली होती. नळीत थुंकायचं, डबी पोस्टात टाकायची आणि महिना-दीड महिन्याने वेबसाइटवर आपली कुंडली बघायची. आमचे पूर्वज कुठले, कानातला मळ ओला की कोरडा, कोथिंबीर साबणासारखी लागण्याची शक्यता किती (मराठी माणसाला हे विचारणंच चूक). असं हसत हसत खाली गेलो, तर एक रिपोर्ट बंद. त्याला कुलूप. वर सूचना, की हा उत्तरायुष्यात होणाऱ्या अल्झायमरच्या जोखमीबद्दल आहे, आधी ही माहिती वाचा, विचार करा आणि मगच "मला पाहायचं आहे" हे बटण दाबा.

मी बटण दाबलं नाही. आधी वाचायला लागलो.

त्या कुलपामागे एपीओई नावाचं एक जनुक असतं. ते माणसाच्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याच्यापासून चरबी वाहून नेणारं एक प्रथिन बनतं. मेंदूत कोलेस्टेरॉलची ने-आण करणारा हा हमाल. प्रथिन म्हणजे २९९ मण्यांची माळ समजा. त्यातला ११२वा आणि १५८वा मणी कोणता, यावरून या जनुकाचे तीन प्रकार पडतात: ई२, ई३ आणि ई४. ई३ सर्वांत जास्त आढळतो. ई३ आणि ई४ यांच्यात फरक फक्त ११२व्या मण्याचा. डीएनएत पाहिलं तर एका अक्षराचा, टीच्या जागी सी. तीन अब्ज अक्षरांच्या फाइलमधलं एक अक्षर. आम्ही लोक एका स्वल्पविरामापायी रात्ररात्र जागतो, त्यामुळे हे पटायला मला फारसा वेळ लागला नाही.

हे सापडलं कुठे, तर आमच्या अंगणात. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहतो, तिथून डरहॅमचं ड्यूक विद्यापीठ गाडीने अर्ध्या तासावर. अ‍ॅलन रोझेस या न्यूरॉलॉजिस्टचा गट तिथे १९८०च्या दशकापासून अशी कुटुंबं अभ्यासत होता, ज्यांच्यात हा आजार म्हातारपणी होत होता आणि अनेकांना होत होता. १९९१ साली त्यांचा माग एकोणिसाव्या गुणसूत्रापर्यंत पोहोचला. त्याच गटातले वॉरन स्ट्रिटमॅटर वेगळ्याच वाटेने चालले होते. अल्झायमरच्या मेंदूत अमायलॉइड नावाचा जो चिकट गाळ साचतो, त्याला कोणती प्रथिनं चिकटतात, हे ते शोधत होते. त्यांना सापडलं एपीओई. हृदयरोगवाल्यांना हे प्रथिन चांगलं ओळखीचं होतं आणि त्याचं जनुक होतं नेमकं एकोणिसाव्या गुणसूत्रावर. १९९३ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा अनेक तज्ज्ञांचा विश्वास बसला नाही. कोलेस्टेरॉलच्या हमालाचा आठवणींशी काय संबंध? पुढे जगभरातून तोच निष्कर्ष येत गेला आणि आज उतारवयातल्या अल्झायमरशी सर्वांत घट्ट जोडलेलं सर्वसाधारण जनुक म्हणजे हेच.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. युरोपीय वंशाच्या लोकांत एक ई४ असेल तर जोखीम साधारण दोन ते तीन पट, दोन असतील तर आठ ते बारा पट. आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पण ही जोखीम आहे, निदान नाही. एक ई४ असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही आणि अल्झायमर झालेल्या कितीतरी लोकांकडे ई४ नसतोच. तरुणपणी तर ई४वाल्यांची स्मरणशक्ती इतरांसारखीच असते. हे जनुक "विसरायचं" नाही. वय वाढतं तसा मेंदूतला गाळ उपसायचं काम ते जरा ढिलाईने करतं, असं समजलं तर ते सत्याच्या जवळ जाईल.

शिवाय हे पट कुणाचे? आफ्रिकी वंशाच्या लोकांत ई४चा परिणाम कमी दिसतो, जपान्यांत जास्त. आपलं काय? याबाबत मला सगळ्यांत आवडलेला अभ्यास आहे हरियाणातल्या बल्लभगडचा. १९९०च्या दशकात दिल्लीजवळच्या या ग्रामीण भागातली म्हातारी माणसं आणि अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या मोनोंगहेला खोऱ्यातली म्हातारी माणसं, अशी तुलना भारतीय आणि अमेरिकी डॉक्टरांनी मिळून केली. पहिली अडचण चाचणीचीच. अमेरिकी चाचणीत वाचायला-लिहायला सांगतात आणि बल्लभगडची बहुतेक म्हातारी माणसं निरक्षर. म्हणून त्यांच्यासाठी हिंदीतून वेगळी चाचणी बांधावी लागली. माझी आजी असल्या कागदी चाचणीत पहिल्याच दिवशी नापास झाली असती, डोकं शाबूत असतानाच. तर निष्कर्ष असा, की बल्लभगडमध्ये ई४चं प्रमाण कमी निघालं, सुमारे सात टक्के, पेनसिल्वेनियात अकरा. ज्यांच्याकडे ई४ होता त्यांना धोका मात्र दोन्हीकडे वाढलेला दिसला. आणि बल्लभगडमध्ये अल्झायमर होण्याचं एकूण प्रमाणच जगात नोंदलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी निघालं. म्हणजे जनुक तेच, गाव वेगळं, हिशोब वेगळा.

या सगळ्या वाचनात असताना पुण्याच्या चुलतभावाने फॅमिली ग्रुपवर एक ब्रोशर टाकलं. लहान मुलांची जनुक तपासणी, त्यातून मुलाची स्मरणशक्ती कळते म्हणे. खाली लिहिलं होतं, "तू कॉम्प्युटरवाला आहेस, जरा बघून सांग." (कॉम्प्युटरवाल्याला प्रिंटरपासून पित्तापर्यंत सगळं कळतं, हा घरचा समज आता बदलणार नाही.) ब्रोशरमध्ये दोन नावं होती. त्यांची कथा सांगण्यासारखी आहे.

पहिलं बीडीएनएफ. चेतापेशींची वाढ आणि जोडण्या यांना मदत करणारं हे प्रथिन. २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं, की या माळेतला ६६वा मणी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन असेल आणि तोही दोन्ही प्रतींत, तर एखादी गोष्ट ऐकवून काही वेळाने विचारली की ती कमी आठवते. दुसरं किब्रा. २००६ साली झुरिकच्या गटाने ३४१ तरुण स्विस लोकांना शब्दांची यादी दाखवली आणि पाच मिनिटांनी विचारलं. किब्राचा एक विशिष्ट प्रकार असलेल्यांना सुमारे २४ टक्के जास्त शब्द आठवले. अशी बातमी आली की "स्मरणशक्तीचं जनुक सापडलं" हा मथळा तयारच असतो.

मग इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले. कुणाला परिणाम दिसला, कुणाला नाही. २०१२ साली किब्रावरचे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला, तेव्हा प्रसंगांच्या स्मरणात माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला या जनुकाचा वाटा निघाला सुमारे अर्धा टक्का. चोवीसवरून अर्ध्यावर! (दोन्ही आकडे वेगवेगळ्या मापाचे आहेत हे मान्य, पण हवा किती होती ते कळतं.) दुसऱ्या बाजूला जुळ्यांचे अभ्यास सांगतात, की स्मरणचाचण्यांत लोकांमध्ये दिसणाऱ्या फरकाचा जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक असतो. म्हणजे "आपल्या घराण्यात स्मरणशक्ती रक्तातच आहे" हे आईचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण तो निम्मा वाटा एका-दोन जनुकांचा नसून असंख्य बारीक बारीक फरकांचा आहे. एकेकाचा वाटा जवळजवळ शून्य, सगळ्यांचा मिळून निम्मा. इंजिनीअरला हे पचायला जड जातं, कारण आमचा बग कुठल्या तरी एका ओळीत सापडतो अशी आमची श्रद्धा असते. चुलतभावाला लिहिलं, "पैसे वाचव, पोराला वेळेवर झोपू दे. दिवसभर शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते, त्याला पुरावा कितीतरी जास्त आहे." त्याने अंगठा पाठवला. तपासणी केली की नाही, कळलं नाही.

एपीओई मात्र या गर्दीत वेगळं. ते सामान्य स्मरणशक्ती ठरवत नसलं, तरी म्हातारपणी खरंच फरक पाडतं. म्हणूनच ते कुलूप. डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक असलेले जेम्स वॉटसन यांनीही हे कुलूप लावून घेतलं होतं. २००७ साली त्यांचा संपूर्ण जीनोम वाचून त्यांच्या हातात दिला गेला आणि सगळा जगजाहीर झाला, फक्त एपीओईची जागा तेवढी कोरी. त्यांच्या आजीला अल्झायमर झाला होता आणि त्यांना स्वतःबद्दल जाणून घ्यायचं नव्हतं. पुढचा भाग माझ्या आवडीचा. २००९ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लक्षात आणून दिलं, की एवढी जागा कोरी ठेवून काही लपत नाही. डीएनएची शेजारची अक्षरं पिढ्यानपिढ्या एकत्रच प्रवास करतात, त्यामुळे शेजाऱ्यांकडे पाहून मधलं काय असेल याचा अंदाज बांधता येतो. मग वॉटसन यांच्या माहितीतली एपीओईभोवतीची सुमारे वीस लाख अक्षरं काढून टाकावी लागली. डेटाबेसमधला एक कॉलम लपवला म्हणजे माहिती लपली असं समजणाऱ्या प्रत्येक मॅनेजरला मी ही गोष्ट सांगतो.

पण शेजारी फक्त गुणसूत्रावर नसतात. ते घरातही असतात. हे मला पुण्याच्या ताईने शिकवलं, जिने बायॉलॉजी दहावीनंतर सोडलं. तिला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझं तू बघायचं तर बघ. पण तुझ्याकडे दोन निघाले तर आईकडे एक आहेच ना? मग तू तिला न विचारता तिचं पाकीट फोडतोयस. आणि माझंही अर्धं." खरं होतं. माझ्याकडे दोन ई४ निघाले तर आई आणि बाबा दोघांकडे किमान एकेक असणारच. एक निघाला, तर दोघांपैकी कुणाकडून आला ते कळणारच नाही. ई४ने कोलेस्टेरॉलही थोडं वाढतं आणि बाबा एकोणसाठाव्या वर्षी हार्ट अ‍ॅटॅकने गेले. म्हणजे आजीचा वारसा शोधायला जावं आणि बाबांचा हाती लागावा, हेही शक्य. आणि एकही नाही निघाला, तरी आईकडे नाही असं सिद्ध होत नाही. ज्या प्रश्नासाठी मी त्या बटणावर बोट ठेवून बसलो होतो, तो होता "आईला काय होतंय?" त्याचं उत्तर त्या रिपोर्टमध्ये कुठल्याच बाजूने नव्हतं.

बघितल्याने माणूस खचतो का? बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रीन यांच्या गटाने आई-वडिलांना अल्झायमर झालेल्या लोकांना त्यांचा एपीओई सांगून वर्षभर पाहिलं. २००९ साली आलेल्या निष्कर्षात, नीट समजावून सांगितलं तर लोक फारसे खचत नाहीत असं दिसलं. पण २०१४ साली सॅन दिएगोच्या संशोधनात एक विचित्र गोष्ट समोर आली. सगळे ज्येष्ठ, सगळ्यांचं डोकं शाबूत. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे ई४ होता आणि ज्यांना ते ठाऊक होतं, त्यांनी स्वतःची स्मरणशक्ती वाईट असल्याचं सांगितलं आणि चाचणीतही ते कमी पडले. ई४ असूनही माहीत नसलेले त्यांच्यापेक्षा बरे ठरले. जनुक तेच, फरक फक्त ठाऊक असण्याचा. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट मध्येच सांगतो, कारण आमच्या मित्रमंडळात हे कुणालाच माहीत नव्हतं. इथल्या २००८च्या कायद्यानुसार जनुकीय माहितीवरून आरोग्य विमा नाकारता येत नाही, नोकरीतही भेदभाव करता येत नाही. पण आयुर्विमा आणि म्हातारपणीच्या दीर्घकालीन देखभालीचा विमा या संरक्षणात येत नाही. काही राज्यांचे नियम वेगळे आहेत, पण सगळीकडे नाहीत. बटण दाबण्याआधी हे वाचून घ्यावं.

मार्चमध्ये ताई दोन दिवस साताऱ्याला जाऊन राहिली. रविवारी रात्री तिचा फोन. "तू त्या रिपोर्टवर बसून आहेस, इकडे आई टीव्हीचा आवाज किती ठेवते माहितीये? खालच्या मजल्यावर ऐकू जातो. कुकरच्या शिट्ट्या मी मोजतेय, तिला ऐकूच येत नाहीयेत." मी फोनमधली यादी काढली. सहा नोंदी, तारखा, प्रश्न. त्यात एक कॉलम राहून गेला होता: आई कुठे बसून बोलत होती. विचारल्यावर कळलं, हॉलमध्ये नेटवर्क नीट येत नाही म्हणून बऱ्याचदा ती स्वयंपाकघरात ओट्याशी फोन टेकवून, स्पीकरवर, शेजारी काही तरी शिजत असताना बोलायची. तिने विचारायचं, मी सांगायचं, तिला ते पोहोचायचंच नाही. आणि "काय म्हणालास?" असं दहादा विचारायची लाज वाटते म्हणून ती मान डोलवायची. कॅमेऱ्यात मला मान दिसायची.

डॉक्टरांनी आधी कान तपासायला सांगितले, मग स्मरणशक्ती. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाची चौदा अशी कारणं मोजली, ज्यांवर काही करता येतं. ती सगळी हाताळली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या चौदांत सर्वांत मोठ्या दोनांपैकी एक म्हणजे कमी ऐकू येणं. दुसरं, चाळिशीनंतरचं वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल. पहिलं आईचं, दुसरं लवकरच माझं. गेल्या महिन्यात मीही रक्त तपासून आलो. त्याला कुठलं कुलूप नव्हतं आणि डॉक्टरांनी मला तुपाबद्दल जे सांगितलं ते इथे लिहीत नाही.

कानाचं मशीन घ्यायला आई तीन आठवडे तयार नव्हती. "ते लावलं की माणूस म्हातारं दिसतं." सदुसष्ट वर्षांच्या बाईने हे म्हणावं! शेवटी ताईनेच पटवलं, कसं ते विचारलं नाही. स्मरणशक्तीची चाचणी मराठीतून झाली. घड्याळ काढायचं, पाच शब्द लक्षात ठेवून नंतर सांगायचे, वगैरे. चार शब्द सांगितले. पाचवा तिला परत येताना गाडीत आठवला आणि तिने ताईला गाडी वळवायला सांगितली, डॉक्टरांना सांगून येते म्हणून. डॉक्टर म्हणाले, आत्ता काळजीचं काही दिसत नाही, वर्षाने पुन्हा बघू. माझ्या सहा नोंदींपैकी चारांचा उलगडा झाला. दोन वेळा ती हॉलमध्येच बसली होती, टीव्ही बंद होता. त्या दोन नोंदी मी खोडलेल्या नाहीत.

एपीओईबद्दल मी तिला एकदा सरळ विचारलं. आजीचं नाव काढूनच. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आईचं शेवटी शेवटी सगळं मीच केलंय. मला काय व्हायचं ते होईल, पण ते आधी कळून रोज स्वतःला तपासत बसायचं नाही मला. तुला बघायचं तर बघ, फक्त मला सांगू नकोस. पण तुला लपवता येत नाही रे, चेहऱ्यावर दिसतं." रिपोर्ट अजून बंदच आहे.

मशीन लावल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी सवयीने जोरात विचारलं, "आई, येतंय का ऐकू?"

"ओरडतोस कशाला? येतंय," ती म्हणाली. "आणि सईला सुट्टी कधी लागते ते सांगितलं नाहीस अजून."

मागच्या शनिवारी मी ते सांगितलं होतं की नाही, हे काही केल्या मला आठवेना.